साखर, शुद्धी आणि विस्मरण : फ्रान्समधील नांत बंदराच्या संदर्भात एक समीक्षात्मक वाचन

सारांश

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्याजवळील नांत हे शहर अठराव्या शतकात गुलामव्यापाराचे आणि एकोणिसाव्या शतकात साखरशुद्धीचे महत्त्वाचे केंद्र होते. या दोन्ही गोष्टींचा अभ्यास झाला आहे; परंतु तो बहुधा स्वतंत्रपणे झाला आहे. प्रस्तुत लेखात साखरशुद्धीचा इतिहास आणि त्याच्याशी संबंधित काही संहिता (अठराव्या शतकातील तंत्रविषयक ग्रंथ, व्होल्तेरची 'कांदीद', ज्यूल व्हर्नच्या दोन कादंबऱ्या आणि २०१२ साली उभारलेले स्मारक) एकत्र वाचण्याचा प्रयत्न केला आहे. साखर शुद्ध करताना तिचे मूळ पुसले जाते आणि हीच क्रिया शहराच्या स्मृतीतही घडली, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : साखरशुद्धी, नांत, गुलामगिरी, स्मृती, स्मारक, ज्यूल व्हर्न, व्होल्तेर

१. प्रास्ताविक

'साखर' या शब्दाचा प्रवास अभ्यासकांना परिचित आहे. संस्कृतातील 'शर्करा' या शब्दाचा मूळ अर्थ खडे, वाळू असा होतो. फारसी 'शकर' आणि अरबी 'सुक्कर' यांच्या वाटेने तो युरोपात पोहोचला आणि फ्रेंचमध्ये 'स्युक्र' झाला. 'खंड' या शब्दाचीही अशीच कथा आहे. तो 'कांदी' या रूपाने युरोपीय भाषांत स्थिरावला. शब्द भारतातून गेला, पदार्थही मूलतः याच वाटेने गेला. मात्र युरोपात पोहोचल्यावर या पदार्थाला एक नवे विशेषण चिकटले. ते म्हणजे 'राफिने', अर्थात शुद्ध केलेला. फ्रेंच भाषेत हे विशेषण साखरेला लागते, तसेच ते उंची अभिरुचीच्या, सुसंस्कृत माणसालाही लागते. एकाच शब्दाने पदार्थाचा पांढरेपणा आणि माणसाची सभ्यता दर्शविली जावी, ही बाब केवळ भाषिक योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

मराठीत याच्या उलट बाजूचा शब्द आपल्या नित्य परिचयाचा आहे. साखर वेगळी झाल्यावर जे काळसर, घट्ट द्रव्य मागे उरते, त्याला आपण 'मळी' म्हणतो. या शब्दात 'मळ' स्पष्टपणे ऐकू येतो. प्रस्तुत लेखाची भूमिका या दोन शब्दांच्या आधारे मांडता येईल. शुद्धी म्हणजे साखर आणि मळी यांना परस्परांपासून वेगळे करणे. ही फारकत नांतच्या कारखान्यांत झाली, कायद्यात झाली, साहित्यात झाली आणि अखेरीस स्मारकातही झाली. म्हणूनच साखरेच्या इतिहासाची समीक्षा करू पाहणाऱ्याला मळीकडे परत जावे लागते.

सिडनी मिंट्झ या मानववंशशास्त्रज्ञाने १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या साखरेवरील ग्रंथाने उत्पादन आणि उपभोग या दोन टोकांना एका चौकटीत आणले. मात्र त्यांचा उपभोगाचा विचार मुख्यत्वे इंग्लंडवर केंद्रित आहे. मळ्याची वाफ आणि चहाचा पेला यांच्या मधोमध जे शहर उभे असते, त्याचा, म्हणजे बंदरातील शुद्धीगृहाचा विचार स्वतंत्रपणे करणे आवश्यक वाटते. नांत हे त्या दृष्टीने उत्तम उदाहरण आहे.

२. शुद्धीची जागा : कायदा आणि भूगोल

नांत हे लुआर नदीवरील बंदर. अटलांटिक महासागर येथून सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने फ्रेंच वसाहतींचा सर्व व्यापार मायदेशासाठी राखून ठेवणारी व्यवस्था उभी केली. वसाहतीने कच्चा माल पिकवावा, मायदेशाने त्यावर प्रक्रिया करावी, असे त्या व्यवस्थेचे सूत्र होते. साखरेच्या बाबतीत ते सूत्र किती काटेकोर होते, हे १६८४ च्या आदेशावरून दिसते. त्या वर्षी राजाच्या मंत्रिमंडळाने वसाहतींमध्ये नवी शुद्धीगृहे उभारण्यास मनाई केली. पुढे वसाहतींतून येणाऱ्या शुद्ध साखरेवर जबर करही बसविण्यात आला.

याच्या पुढच्याच वर्षी, १६८५ मध्ये, 'कोद न्वार' या नावाने ओळखली जाणारी संहिता आली. तिने फ्रेंच वसाहतींतील गुलामांची कायदेशीर स्थिती निश्चित केली. त्यात पळून जाणाऱ्या गुलामाचे कान कापण्याची, खांद्यावर डाग देण्याची, पुन्हा पळाल्यास पायाची शीर तोडण्याची आणि तिसऱ्या वेळी मृत्युदंडाची तरतूद होती. इतिहासाच्या पुस्तकांत हे दोन आदेश सहसा वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. एक व्यापारनीतीच्या, दुसरा गुलामगिरीच्या. ते शेजारी ठेवून वाचले की त्यांचे परस्परसंबंध स्पष्ट होतात. पहिल्या आदेशाने साखर कोठे पांढरी व्हावी हे ठरविले. दुसऱ्याने ती पिकविणाऱ्या माणसाने कोठे राहावे हे ठरविले. गोडवा आणि शुभ्रता एका किनाऱ्यावर, घाणा, कढई आणि चाबूक दुसऱ्या किनाऱ्यावर, अशी ही विभागणी कायद्याने केलेली होती.

अर्थात ही विभागणी प्रत्यक्षात पूर्णपणे पाळली गेली नाही, हेही नोंदविले पाहिजे. मळेवाल्यांनी ओल्या मातीच्या थरातून पाणी झिरपू देऊन साखर बऱ्यापैकी पांढरी करण्याची पद्धत वसाहतींतच अवलंबिली. अशा अर्धशुद्ध साखरेविषयी फ्रान्समधील शुद्धीकार सतत तक्रार करीत राहिले. शिवाय अठराव्या शतकातील नांतची श्रीमंती मुख्यत्वे शुद्धीगृहांतून आली, असे म्हणणे चुकीचे ठरेल. बंदरात उतरलेल्या साखरेचा मोठा भाग पुन्हा ॲम्स्टरडॅम, हँबुर्ग अशा उत्तरेकडील बंदरांना जाई. काही भाग होड्यांतून लुआर नदीने वर ओर्लेआँच्या शुद्धीगृहांकडे जाई. नांत हे तेव्हा मुख्यतः उतारपेठ आणि वखार होते. शुद्धीचा उद्योग तेथे खऱ्या अर्थाने फोफावला तो एकोणिसाव्या शतकात. हा काळाचा फरक पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे.

३. शुद्धीची कृती आणि तिचे लेखन

अठराव्या शतकातील शुद्धीगृहातील काम थोडक्यात पुढीलप्रमाणे चाले. पिंपांतून आलेली तपकिरी साखर चुन्याच्या निवळीत विरघळवून तांब्याच्या मोठ्या कढईत तापविली जाई. तीत बैलाचे रक्त घालीत. उष्णतेने रक्त साकळले की त्याबरोबर गाळ वर येई आणि तो झाऱ्याने काढून टाकीत. मग रस कापडातून गाळून पुन्हा आटवीत आणि मातीच्या शंकूच्या आकाराच्या साच्यांत ओतीत. साचा टोकाकडून खाली उभा केलेला असे आणि टोकाला छिद्र असे. वरच्या रुंद तोंडावर ओल्या पांढऱ्या मातीचा थर देत. त्यातील पाणी हळूहळू खाली उतरे आणि साखरेच्या कणांना चिकटलेली मळी धुऊन छिद्रातून खालच्या भांड्यात नेई. ही कृती पुन्हा पुन्हा करून ढेप पांढरी झाली की ती उष्ण खोलीत वाळवीत आणि निळ्या कागदात गुंडाळीत. निळ्या रंगाच्या शेजारी पांढरा रंग अधिक पांढरा दिसतो, हे व्यापाऱ्यांना चांगले ठाऊक होते.

या तंत्राचे लेखन करणारे दोन ग्रंथ येथे विचारात घ्यावयाचे आहेत. पहिला, डोमिनिकन धर्मगुरू झाँ-बातिस्त लाबा याचा १७२२ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकन बेटांच्या प्रवासाचा बहुखंडी ग्रंथ. लाबा मार्तिनिक बेटावर आपल्या संघाचा ऊसमळा आणि साखर कारखाना स्वतः चालवीत होता. त्यामुळे त्याच्या लेखनात ऊस, घाणा, कढयांची रांग आणि प्रत्येक कामावर किती गुलाम हवेत याचा हिशेब येतो. घाण्यात हात सापडून होणाऱ्या अपघातांचाही उल्लेख येतो. त्याचा स्वर व्यवस्थापकाचा आहे. त्याला गुलाम दिसतो, परंतु तो साधनांच्या यादीत दिसतो.

दुसरा ग्रंथ, १७६४ साली प्रसिद्ध झालेला द्युआमेल द्यु मोंसो याचा साखरशुद्धीच्या कलेवरील ग्रंथ. विज्ञान अकादमीने हाती घेतलेल्या कला आणि व्यवसायांच्या वर्णनमालेत तो प्रसिद्ध झाला. त्याचा भर फ्रान्समधील शुद्धीगृहावर आहे. भट्ट्या, साचे, माती, वाळवणखोली यांची नेमकी वर्णने आणि सुबक चित्रपट्ट त्यात आहेत. ज्ञानोदय युगाच्या श्रद्धेप्रमाणे येथे हाताचे कौशल्य लेखनाच्या कक्षेत आले आणि कारागिराला प्रतिष्ठा मिळाली, हे त्याचे मोठे श्रेय आहे. तरीही या दोन ग्रंथांमधील अंतर लक्षणीय आहे. लाबाच्या ग्रंथात श्रमाला शरीर आहे, पण हक्क नाही. द्युआमेलच्या ग्रंथात श्रमाला कौशल्य आहे, पण त्याच्या आधीचे श्रम पिंपाच्या झाकणाआड राहतात. 'कला' ही संज्ञा शुद्धीगृहातील कामाला मिळाली, ऊसमळ्यातील कामाला मिळाली नाही. १६८४ च्या आदेशाने आखलेली सीमारेषा ज्ञानाच्या वर्गीकरणातही अशी उतरलेली दिसते.

४. 'कांदीद' : किंमत सांगणारे शरीर

हे पिंप उघडण्याचे काम साहित्याने केले. १७५८ मध्ये एल्व्हेस्युस याने आपल्या ग्रंथातील एका टिपेत युरोपात येणाऱ्या साखरेच्या पिंपांवर मानवी रक्ताचा डाग असल्याचे नमूद केले. पुढील वर्षी, १७५९ मध्ये, व्होल्तेरची 'कांदीद' प्रसिद्ध झाली. तिच्या एकोणिसाव्या प्रकरणात नायकाला सुरिनामच्या वाटेवर जमिनीवर पडलेला एक गुलाम भेटतो. त्याला डावा पाय नाही आणि उजवा हात नाही. घाण्यात बोट सापडले की हात तोडतात, पळून जाऊ पाहिले की पाय तोडतात, हे तो शांतपणे सांगतो आणि युरोप याच मोलाने साखर खातो याची जाणीव करून देतो. हा प्रसंग कादंबरीच्या उपलब्ध हस्तलिखितात नाही. तो नंतर घातलेला आहे, असे संशोधकांनी दाखवून दिले आहे. म्हणजे लेखकाला तो मागाहून अपरिहार्य वाटला.

या प्रसंगाचे सामर्थ्य वादातीत आहे. बैलाच्या रक्ताने स्वच्छ केलेल्या साखरेत आधीच माणसाचे रक्त मिसळले आहे, हे वाचकाच्या डोळ्यांसमोर उभे करणे सोपे नव्हते. तरीही समीक्षेने दोन गोष्टी विचारात घ्याव्यात. पहिली, हा गुलाम डच वसाहतीत आहे आणि त्याचा मालक डच व्यापारी आहे. त्या काळी फ्रेंच सँ-दोमँग ही साखरेची अत्यंत समृद्ध वसाहत होती आणि कोद न्वार लागू होऊन सात दशके उलटली होती. अंगच्छेदाची शिक्षा शोधण्यासाठी फ्रेंच लेखकाला परक्या वसाहतीत जाण्याची गरज नव्हती. त्या गुलामाचे बोलणे साऱ्या युरोपला उद्देशून आहे, हे खरे. परंतु कथेतील दोषी माणूस परका आहे. दुसरी गोष्ट, कांदीद गुलामासाठी रडतो आणि शहरात जातो. तेथे तोच डच व्यापारी त्याची संपत्ती लुबाडतो. त्यानंतर कथेचा सारा संताप त्या लुबाडणुकीकडे वळतो. गुलाम पुन्हा येत नाही. व्होल्तेरच्या उपरोधाची ही जाणीवपूर्वक योजना असू शकते. युरोपीय करुणेचे आयुष्य किती अल्प असते, हेच त्याला दाखवावयाचे असेल. मात्र परिणाम असा होतो की मळा आणि पेला यांची गाठ पडते, पण मधले बंदर, वखार आणि शुद्धीगृह अदृश्य राहते.

याच संदर्भात बेर्नार्दँ द सँ-पिएर याचा उल्लेख करावयास हवा. तो स्वतः ल आव्र या बंदराचा रहिवासी. 'इल द फ्राँस', म्हणजे आजचे मॉरिशस, येथील वास्तव्यावर आधारित त्याचा प्रवासग्रंथ १७७३ मध्ये प्रसिद्ध झाला. कॉफी आणि साखर या दोन पिकांनी दोन खंडांचे दुःख ओढवले, हे त्याने कोणत्याही उपरोधाविना मांडले. त्याच्याकडे व्होल्तेरची धार नाही. परंतु त्याने आपल्याच देशाच्या वसाहतीकडे बोट दाखविले. वाङ्मयीन गुणवत्ता आणि नैतिक नेमकेपणा एकाच संहितेत नेहमी एकवटतात असे नाही, हे या तुलनेतून ध्यानात येते.

५. एकोणिसावे शतक : कारखान्याचे नांत

१७९१ च्या ऑगस्टमध्ये सँ-दोमँगमधील गुलामांनी उठाव केला. १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाले आणि फ्रान्सने आपली सर्वांत मोठी साखरभूमी गमावली. १८०२ मध्ये नेपोलियनने गुलामगिरी पुन्हा प्रस्थापित केली होती. पण हैती परत मिळाले नाही. १८२५ मध्ये फ्रान्सने हैतीकडून मान्यतेच्या मोबदल्यात पंधरा कोटी फ्रँकची भरपाई मागितली. तिचा हेतू जुन्या मळेवाल्यांचे नुकसान भरून काढणे हा होता. पुढे १८३८ मध्ये ही रक्कम कमी करण्यात आली.

याच काळात युरोपात दुसरी साखर जन्माला आली. इंग्लंडशी चाललेल्या युद्धात सागरी मार्ग बंद झाल्याने बीटपासून साखर काढण्याच्या प्रयत्नांना राजाश्रय मिळाला. १८१२ च्या जानेवारीत पॅरिसजवळील पासी येथील बँजामँ दलेसेर याच्या कारखान्याला नेपोलियनने भेट देऊन त्याचा सन्मान केला. शांतता प्रस्थापित होताच उसाची साखर बंदरांत परतली आणि नांतमध्ये शुद्धीगृहे पुन्हा धडधडू लागली. अर्थशास्त्रज्ञ झाँ-बातिस्त से याचा धाकटा भाऊ लुई से (१७७४–१८४०) याने येथेच साखरशुद्धीचा व्यवसाय केला. त्याने अर्थशास्त्रावरही लेखन केले आणि मूल्याच्या प्रश्नावर थोरल्या भावाशी मतभेद नोंदविले. पुढे या कुटुंबाचे नाव 'बेघँ-से' या साखरेच्या खोक्यावर घरोघरी पोहोचले. संपत्तीचे मूळ कशात आहे, हा प्रश्न दोघा भावांनी ग्रंथांतून चर्चिला, तेव्हा धाकट्याच्या साच्यांत उतरणारी साखर गुलामांनीच पिकविलेली होती.

ती साखर आता मुख्यतः हिंदी महासागरातून येत होती. १८१४ मध्ये मॉरिशस कायमचे ब्रिटिशांकडे गेल्यावर शेजारचे बूर्बाँ, म्हणजे रेयुनियाँ, हे बेट उसाकडे वळले आणि नांत ही त्याच्या साखरेची प्रमुख बाजारपेठ झाली. फ्रेंच बंदरांतील शुद्धीगृहांवरील झाक फिएराँ यांच्या प्रबंधाने या उद्योगाची आर्थिक बाजू तपशीलवार उलगडली आहे. २७ एप्रिल १८४८ च्या आदेशाने फ्रान्सने गुलामगिरी अखेरची रद्द केली. त्यानंतर १८४९ च्या कायद्याने भरपाई देण्यात आली. ती मालकांना, मुक्त झालेल्यांना नव्हे. मळ्यांवरील जागा करारबद्ध मजुरांनी घेतली. १८६० आणि १८६१ च्या ब्रिटन-फ्रान्स करारांनी भारतातून मजूर नेण्यास परवानगी मिळाली. रेयुनियाँतील वागणुकीविषयीच्या तक्रारींमुळे ब्रिटिश सरकारने १८८२ मध्ये ही भरती थांबविली. शेजारच्या मॉरिशसमध्ये १८३४ पासून गेलेल्या करारबद्ध मजुरांत मुंबई बंदरातून निघालेले मराठी भाषिकही होते. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणून ओळखले जातात. 'शर्करा' हा शब्द ज्या भूमीतून गेला, त्याच भूमीतील माणसे आता उसाच्या मागे गेली. नांतच्या शुद्धीगृहात पोहोचणाऱ्या रेयुनियाँच्या कच्च्या साखरेत भारतीय हातांचाही वाटा होता.

कारखान्यातील कृतीही बदलली. बैलाच्या रक्ताच्या जोडीला हाडांचा कोळसा आला; वाफ, निर्वात कढई आणि नंतर साखर व मळी वेगाने वेगळी करणारी फिरती यंत्रे आली. उष्ण आणि दमट कारखान्यांत ब्रिटनी प्रांतातील खेड्यांतून आलेले मजूर राबत. त्यांच्या श्रमाकडेही शहराच्या गौरवगाथेने फारसे लक्ष दिले नाही. पुढे उत्तर फ्रान्समधील बीटच्या कारखान्यांनी बंदरातील उद्योगाला मागे टाकले. साखर मात्र शहराच्या चवीत टिकून राहिली. १८४६ मध्ये लफेव्र आणि युतिल या दांपत्याने सुरू केलेले दुकान पुढे 'ल्यु' या बिस्किट उद्योगात वाढले आणि १८८६ मध्ये त्यांचे 'पती-बर' हे बिस्किट आले. आज नांत म्हटले की फ्रान्समधील अनेकांना प्रथम हे बिस्किट आठवते. साखरेच्या शुद्धीचा हा शेवटचा टप्पा म्हणता येईल. येथे पदार्थ बालपणाच्या आठवणीत विरघळून जातो.

६. ज्यूल व्हर्न : मळ्याविना साखर

ज्यूल व्हर्नचा जन्म १८२८ मध्ये नांतमधील 'इल फेदो' या भागात झाला. तेथील घरे अठराव्या शतकातील जहाजमालकांच्या समृद्धीची साक्ष देतात; त्यांच्या दर्शनी भागांवर दगडात कोरलेले मुखवटे आजही दिसतात. भा. रा. भागवतांच्या अनुवादांमुळे व्हर्न मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांना जवळचा वाटतो. त्याच्या दोन कादंबऱ्या या विषयाच्या दृष्टीने नव्याने वाचता येतात.

१८७४–७५ मधील 'गूढ बेट' ही पहिली. अमेरिकन यादवी युद्धात रिचमंड शहरातून बलूनमधून निसटलेले पाच जण निर्जन बेटावर पोहोचतात. अभियंता सायरस स्मिथ याच्या मार्गदर्शनाखाली ते विटा, लोखंड आणि स्फोटके शून्यातून निर्माण करतात. साखरही निर्माण करतात, पण उसापासून नव्हे, तर मॅपल वृक्षाच्या रसापासून. हा तपशील किरकोळ नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील गुलामगिरीविरोधकांनी मॅपलची साखर ही गुलामांच्या श्रमाविना मिळणारी साखर म्हणून पुरस्कृत केली होती. व्हर्नला हा संदर्भ अभिप्रेत होता की नाही, हे सांगणे शक्य नाही. परंतु साखरेच्या बंदरात वाढलेल्या लेखकाने आपल्या आदर्श बेटावर साखर आणताना ऊस, घाणा आणि मळा टाळला, ही गोष्ट संहितेत नोंदली गेली आहे. झाडाला छेद द्यावा आणि साखर मिळावी, असे हे निष्पाप स्वप्न आहे.

हे स्वप्न पूर्णपणे निष्पाप राहत नाही, त्याचे कारण नेब हे पात्र. तो अभियंत्याचा पूर्वीचा गुलाम. मालकाने मुक्त केल्यावरही तो स्वेच्छेने त्याच्याजवळ राहतो आणि बेटावर स्वयंपाक सांभाळतो. मॅपलची साखर अखेरीस नेबच्याच स्वयंपाकघरात जाते. गुलामगिरी रद्द झालेली आहे, साखर शुद्ध आहे, तरी साखरेजवळ उभा असलेला माणूस तोच आहे. कादंबरी हे सांगत नाही. ते तिच्या रचनेतून उघड होते.

१८७८ मधील 'पंधरा वर्षांचा कप्तान' ही दुसरी कादंबरी. तीत व्हर्नने गुलामव्यापाराचा थेट आणि तीव्र निषेध केला आहे. परंतु ही कथा आफ्रिकेच्या अंगोला भागात घडते; गुलामव्यापाराशी नांतचा संबंध तीत येत नाही. व्होल्तेरने दोष डच वसाहतीत ठेवला, व्हर्नने आफ्रिकेच्या अंतर्भागात. दोघांचाही निषेध प्रामाणिक आहे. दोघांच्याही संहितांत बंदर मात्र स्वच्छ राहते.

७. स्मारक : जहाजांची नावे

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संशोधकांनी हे मौन मोडले. झाँ मेतास यांनी तयार केलेल्या आणि सेर्झ व मिशेल दाझे यांनी संपादित केलेल्या अठराव्या शतकातील फ्रेंच गुलामव्यापारी सफरींच्या सूचीचा पहिला खंड १९७८ मध्ये आला; तो नांतला वाहिलेला आहे. फ्रान्समधून निघालेल्या अशा सफरींपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक सफरी एकट्या नांतमधून निघाल्या होत्या, हे आता सर्वमान्य आहे. १९८५ मध्ये नांतमध्ये या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तेव्हा नगरपालिकेने तिला पाठबळ नाकारले. १९९२ ते १९९४ या काळात राजवाड्यात भरलेल्या प्रदर्शनाने वातावरण बदलले. १९९८ मध्ये बंदराच्या धक्क्यावर उभारलेल्या पुतळ्याची काही दिवसांतच विटंबना झाली. त्यातून कायमस्वरूपी स्मारकाची मागणी बळावली. २००१ च्या कायद्याने फ्रान्सने गुलामगिरी आणि गुलामव्यापार हा मानवतेविरुद्धचा गुन्हा मानला. अखेर मार्च २०१२ मध्ये क्रिस्टॉफ वोडिच्को आणि ज्युलियन बाँडर यांनी रचलेले स्मारक नदीकाठच्या 'के द ला फोस' या धक्क्यावर खुले झाले.

हे स्मारक संयमी आणि परिणामकारक आहे. वरच्या फरसबंदीत सुमारे दोन हजार काचेच्या पट्ट्या बसविल्या आहेत. त्यांवर मुख्यतः नांतच्या गुलामव्यापारी जहाजांची आणि उर्वरितांवर सफरींच्या वाटेवरील ठाण्यांची व बंदरांची नावे आहेत. खाली जिना उतरून गेल्यावर गुलामगिरीविरोधी लेखन आणि कायदे यांतील उतारे काचेच्या भिंतीवर वाचता येतात. एखादे शहर आपल्या अपराधाला सार्वजनिक जागा देते, ही घटना आदरास पात्र आहे. तरीही समीक्षकाने विचारले पाहिजे की येथे कोणती नावे आहेत आणि कोणती नाहीत.

बंदिवानांची नावे नाहीत. त्याचे कारण उघड आहे. जहाजमालकांच्या कागदपत्रांत जहाजांची नावे टिकली, माणसांची टिकली नाहीत. म्हणजे दप्तरखान्यानेही शुद्धीचेच काम केले. याहून कमी चर्चिलेली बाब दुसरी आहे. गुलामव्यापारी जहाज आफ्रिकेतून वेस्ट इंडीजला आणि तेथून साखर भरून नांतला येई, असे त्रिकोणी चित्र शालेय पुस्तकांत असते. प्रत्यक्षात गुलामांची विक्री बहुधा उधारीवर होत असे आणि तिच्या वसुलीत वर्षे जात. साखरेचा मोठा भाग नांत आणि बेटे यांच्यात सरळ ये-जा करणाऱ्या दुसऱ्याच जहाजांतून येई. या जहाजांनी बंदिवान नेले नाहीत, म्हणून त्यांची नावे काचेवर नाहीत. शुद्धीगृहांची नाहीत, वखारींचीही नाहीत. स्मारकाने अपराधाची रेषा जहाजाभोवती आखली आणि साखर त्या रेषेबाहेर राहिली. गुन्हा समुद्रावर घडला आणि कायद्याने संपला, असा अर्थ त्यातून नकळत ध्वनित होतो. १८४८ नंतरची करारबद्ध मजुरी आणि तिच्यावर चाललेली शुद्धीगृहे या अर्थात बसत नाहीत.

याची दुसरी बाजूही नमूद करणे न्याय्य ठरेल. २००७ मध्ये राजवाड्यात नव्याने खुल्या झालेल्या नांतच्या इतिहास संग्रहालयाने एकोणिसाव्या शतकातील शहराला औद्योगिक आणि वसाहतवादी असे एकत्र संबोधले आहे. 'मारी-सेराफिक' या जहाजाचे अठराव्या शतकातील जलरंगातील चित्र तेथे आहे. त्यात तळघरातील पिंपे आणि बंदिवान एकाच आराखड्यात, एकावर एक, रेखाटलेले दिसतात. आपल्या विषयाचे इतके नेमके वाचन करणारी दुसरी संहिता क्वचितच सापडेल. मात्र स्मारकाची स्मृती सर्वजनांची असते आणि संग्रहालयाची स्मृती तिकीट काढून आत जाणाऱ्यांची. हे अंतर लहान नाही.

८. समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष मांडता येतात. पहिला, साखरशुद्धीचे स्थान हा केवळ तंत्राचा वा बाजाराचा परिणाम नव्हता. तो १६८४ च्या आदेशासारख्या कायदेशीर निर्णयांनी घडविलेला होता. दुसरा, या निर्णयाने पडलेली फूट ज्ञानव्यवहारात आणि साहित्यातही उमटली. तंत्रग्रंथांनी मळा आणि शुद्धीगृह यांना वेगळा दर्जा दिला; व्होल्तेर आणि व्हर्न यांनी गुलामगिरीचा निषेध केला, पण तो बंदरापासून दूर नेऊन केला. तिसरा, आजचे स्मारक या परंपरेला मोठ्या प्रमाणात छेद देते, तरी जहाजाला केंद्रस्थानी ठेवल्याने कारखाना आणि स्वयंपाकघर यांची जबाबदारी धूसर राहते.

साखरेसारख्या वस्तूचा अभ्यास अर्थशास्त्र, इतिहास, रसायनशास्त्र आणि साहित्य या विभागांत वाटला गेला की प्रत्येक विभागाकडे एक स्वच्छ ढेप उरते. रसायनशास्त्राकडे शुद्धतेची टक्केवारी, अर्थशास्त्राकडे करांचे दर, साहित्याकडे करुणेचा एक प्रसंग. या सर्वांना जोडणारी मळी कोणाच्याच अभ्यासक्रमात येत नाही. महाविद्यालयीन अध्यापनात आंतरविद्याशाखीयतेची चर्चा आपण वारंवार करतो. तिची खरी कसोटी अशा ठिकाणी लागते. बंदरात उतरलेल्या साखरेच्या पिंपाचे झाकण कोणत्या विभागाने उघडायचे, हा प्रश्न कार्यपद्धतीचा वाटतो. पण तो प्रत्यक्षात जबाबदारीचा आहे. ज्या शहराने साखर पांढरी केली, त्याच्या इतिहासात तिचा मूळचा रंग परत आणणे, हे वाचकाचे आणि अध्यापकाचे समान काम आहे.